‘बसलाय’ म्हणजे नेमकं काय करतोय: सरडा, पाल, बेडूक यांचं अनुकूलन स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची रीत

सरड्याचं निरीक्षण करायचं म्हणून मी पहिल्यांदा वही घेऊन बसलो, त्या सकाळच्या नोंदी अजून माझ्याकडे आहेत. ‘७.१० बसलाय. ७.२० बसलाय. ७.३० बसलाय. ७.४० गेला.’ अर्धा तास फुकट गेला म्हणून चरफडत उठलो होतो. मध्येच चाळा म्हणून काढलेले तीन फोटो नंतर शेजारी शेजारी लावले आणि खजील झालो. पहिल्या फोटोत सरडा काळपट होता, बरगड्या फाकवून अंग चपटं केलेलं, उन्हाला आडवा. दुसऱ्यात रंग थोडा फिका आणि अंग पुन्हा गोलसर. तिसऱ्यात रंग पार उजळलेला, तोंड सूर्याकडे, पोट दगडावरून उचललेलं. ‘बसलाय’ या एका शब्दाखाली मी तीन वेगळ्या गोष्टी गाडून टाकल्या होत्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लहान प्राण्यांचं अनुकूलन पाहायचं असेल तर त्यांच्या उडीची किंवा शिकारीची वाट बघत बसू नये. ते स्वस्थ असतात तेव्हाच ऊब, पाणी आणि दम यांचा हिशेब चाललेला असतो. तो वाचायला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त वाचायची सवय लागते.

पायरी १: सामान कमी, वही नेमकी

वही, पेन्सिल, घड्याळ, साधा तापमापक, टॉर्च आणि स्लो मोशन चित्रीकरण करणारा फोन. एवढ्यावर वर्षभर काम चालतं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. दुर्बीण असेल तर उत्तम, पण जवळचं दिसणारी हवी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या बऱ्याच दुर्बिणी दोन मीटरच्या आत धूसर दाखवतात.

इन्फ्रारेड तापमापक वापरणार असाल तर एक खबरदारी. त्यावर १२:१ असं गुणोत्तर छापलेलं असतं. याचा अर्थ १२ सेंटिमीटरवरून तो १ सेंटिमीटरच्या ठिपक्याचं तापमान घेतो. एक मीटरवरून हाच ठिपका आठ सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे लांबून सरड्यावर नेम धरला तर आकडा येतो दगडाचा. मी तर त्याने दगडच मोजतो: ऊन लागलेला, सावलीतला, आणि प्राणी ज्यावर बसला होता तो, पण प्राणी उठून गेल्यावर. लेझरचा ठिपका कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

वहीत पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. ‘पाय पोटाखाली घेतले, हनुवटी जमिनीला टेकवली’ हे डावीकडे. ‘पाणी वाचवतोय’ हे उजवीकडे. दर दोन मिनिटांनी एक नोंद, प्राणी हलला नसला तरी. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी ठरवून घ्या: सूर्याच्या संदर्भात दिशा, अंग चपटं की गोल, पोट टेकलेलं की उचललेलं, रंग, आणि घशाची हालचाल. ‘बसलाय’ हा शब्द वहीत बंद.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये वर्तनाबद्दल विचारायचे चार प्रश्न वेगळे काढून दिले. हे कशामुळे घडतं, वाढीच्या काळात कसं घडत जातं, याचा जगण्याला उपयोग काय, आणि पूर्वजांकडून हे कसं आलं. सगळं एकदम विचारलं की गोंधळ उडतो. सुरुवातीला पहिला आणि तिसरा पुरेसा आहे.

पायरी २: जवळ जायचं, पण किती

एकच जागा धरा आणि तिथेच रोज जा. सरळ चालून जाऊ नका. तिरकं, थांबत थांबत, सावली प्राण्यावर पडणार नाही अशा बाजूने. सरडा मान ताठ करून तुमच्याकडे एक डोळा फिरवतो तिथे थांबा. तुमचं अंतर त्याने ठरवलंय. पळाला तर किती पावलांवर पळाला ते लिहा आणि त्या दिवसापुरतं त्याला सोडा. पुन्हा पुन्हा पळवलेला सरडा अनुकूलन दाखवत नाही, तुमचा वैताग दाखवतो.

हात लावायचा नाही. हा नियम बेडकांबाबत तर फारच कडक आहे, कारण त्यांची कातडी श्वास घेते आणि पाणीही शोषते. हातावरचं मलम, डास पळवणारं औषध, साबणाचा अंश सगळं सरळ आत जातं. शिवाय कायट्रिड नावाची बुरशी आहे, जी बेडकांच्या कातडीवर वाढते. तिच्यामुळे जगभरात ५०० हून अधिक उभयचर जातींची संख्या घटली, काही कायमच्या गेल्या. म्हणून एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर जाताना बूट घासून धुवा आणि कडकडीत वाळवा. चुकून कुठल्या प्राण्याला हात लागलाच तर नंतर साबणाने हात धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पायरी ३: सरडा आणि उन्हाचा हिशेब

‘थंड रक्ताचा’ हा शब्द सरड्याच्या बाबतीत डोक्यातून काढून टाका. भर सकाळी उन्हात तापलेल्या सरड्याचं रक्त तुमच्या माझ्या रक्ताइतकं ऊब धरून असू शकतं. फरक उष्णता कुठून येते याचा आहे. आपण ती आत जाळून तयार करतो, तो बाहेरून गोळा करतो. कोल्स आणि बोगर्ट या दोघांनी १९४४ मध्ये वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवर लिहिलं तेव्हा हीच गोष्ट पुढे आली: हे प्राणी हवेच्या तापमानाबरोबर लाचारपणे वरखाली होत नाहीत, जागा आणि बसण्याची ढब बदलून आपलं तापमान बऱ्यापैकी अरुंद पट्ट्यात ठेवतात. शरीरात भट्टी नसल्याचा फायदाही मोठा आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण एक दशांशात सरड्याचं भागतं.

आता पाहायचं कसं. ऊन पडायच्या आधी जागेवर हजर व्हा. सुरुवातीला तो गडद असेल, कारण गडद कातडी उष्णता जास्त शोषते. अंग चपटं करून तो उन्हाला जास्तीत जास्त पाठ देतो, पोट गरम दगडाला चिकटवतो. तापला की उलटा क्रम सुरू: रंग उजळतो, अंग सूर्याच्या रेषेत वळतं म्हणजे ऊन लागणारा भाग कमी, पोट उचललं जातं, मग अर्ध अंग सावलीत. काही जाती शेवटी तोंड उघडं ठेवतात. हा क्रम कुठल्या वेळी, दगड किती तापल्यावर बदलला ते लिहा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की ढगाळ दिवसाचं पान वेगळं दिसेल. एकच ढब कितीतरी जास्त वेळ टिकलेली असते.

रंगाबद्दल थोडं. ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असं आपण बेभरवशाच्या माणसाला म्हणतो आणि त्यात लपवाछपवी गृहीत धरतो. खरं तर रंग बदलण्याची मोठी कारणं दोन, ऊब आणि इतर सरड्यांशी बोलणं. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचं २०१५ मधलं संशोधन सांगतं की त्याच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. नर शांत असताना हिरवा आणि समोर प्रतिस्पर्धी आला की पिवळा, नारिंगी. म्हणजे तो लपत नाही, उलट ओरडून सांगतो. तुमच्यासमोरचा सरडा डोकं खालीवर करत ‘दंड-बैठका’ काढत असेल तर आधी दुसरा सरडा शोधा. बहुतेकदा असतो.

आणि धाव. आपल्याकडची म्हण सरड्याची धाव कुंपणापर्यंत मोजते. शरीरशास्त्र तिला दुजोरा देतं, वेगळ्या कारणाने. सरडा पळताना अंग डावीउजवीकडे वळवतो. त्यासाठी जे बरगड्यांचे स्नायू लागतात तेच श्वासालाही लागतात. जोरात पळताना एका बाजूचं फुप्फुस दाबलं जातं, दुसरं पसरतं, आणि नवी हवा धड आत येत नाही. डेव्हिड कॅरियर यांनी १९८७ मध्ये ही अडचण मांडली. म्हणून पळणं, गच्च थांबणं, पुन्हा पळणं. स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि थांबल्यावर बरगड्या किती जोरात हलतात ते मोजा. घोरपडीने यावर तोड काढली आहे: ती घशाने पंपासारखी हवा आत ढकलते, त्यामुळे तिला लांब पल्ला जमतो.

पायरी ४: पाल, काचेच्या पलीकडून

पालीसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे दिव्याशेजारची खिडकी. पाल बाहेरून काचेवर, तुम्ही आतून. असं तळव्यांचं दर्शन दुसरीकडे कुठेही होत नाही. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. टोके जातीच्या पालीच्या एका पावलावर सुमारे पाच लाख. प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे, एक मायक्रोमीटरहूनही बारीक. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पाल चिकटते ती चिकट द्रवाने, पोकळी करून की विजेच्या भाराने, यावर तर्क चालले होते. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एका केसाचं बळ मोजलं आणि २००२ मध्ये दाखवून दिलं की हे काम रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स बलांचं आहे.

चिकटण्यापेक्षा मला सुटणं जास्त विलक्षण वाटतं. पाल चालताना फोन पावलाच्या अगदी जवळ नेऊन स्लो मोशन घ्या. पाऊल उचलायच्या आधी बोटांची टोकं वरच्या दिशेने उलटी वळतात आणि पट्टी सोलल्यासारखं बोट टोकाकडून सुटतं. केसाचा पृष्ठभागाशी कोन साधारण ३० अंशांच्या वर गेला की पकड आपोआप जाते. पाल डोकं खाली करून उभी असेल तर मागच्या पावलांकडे पाहा. ती मागे फिरवून, बोटं वरच्या बाजूला करून ठेवलेली असतात, कारण हे केस एकाच दिशेने ओढले तर धरतात.

अजून दोन गोष्टी त्याच खिडकीत सापडतात. पालीला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवल्याची काच असते, आणि ती जिभेने पुसली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे शेपूट. रंग एकसुरी, नक्षी नसलेली, बुडाशी एकदम वेगळी वाटणारी शेपूट म्हणजे पुन्हा उगवलेली. तिच्यात मणके नसतात, कूर्चेची नळी असते. मूळ शेपूट तुटते ती मणक्यातच आधीपासून असलेल्या कच्च्या रेषेवर, त्यामुळे पुढची तूट नेहमी पहिल्या जागेच्या वर, जिथे मणके शिल्लक आहेत तिथे. तुटलेला तुकडा वळवळत राहतो कारण त्या हालचालीची आज्ञा मेंदूतून नव्हे, मज्जारज्जूच्या त्या तुकड्यातूनच निघते. पण शेपटीत चरबी साठवलेली असते, म्हणजे जीव वाचला तरी शिदोरी गेली. ही किंमत विसरून ‘पालीला काय, शेपूट पुन्हा येते’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. आणि हे बघायला कुणी शेपूट तोडायची नाही, हे सांगायला लागू नये.

पायरी ५: बेडूक म्हणजे पाण्याचा जमाखर्च

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागात आणि मांड्यांखाली पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते, तिथून तो पाणी ओढतो. म्हणून ओल्या मातीवर मागचे पाय फाकवून, पोट दाबून बसलेला बेडूक पाणी पितोय. तोच बेडूक कोरड्या हवेत पाय अंगाखाली घेऊन, हनुवटी टेकवून गोळा होतो तेव्हा तो उघडी कातडी कमी करतोय. या दोन ढबी ओळखता आल्या की निम्मं काम झालं. शेजारी तापमापक ठेवा, माती ओली की कोरडी ते लिहा.

मग घसा. बेडकाला आपल्यासारखा छातीचा पिंजरा हलवून श्वास घेता येत नाही. तो तोंडाचा तळ खालीवर करून हवा गिळतो. पण घशाची प्रत्येक थरथर म्हणजे श्वास नव्हे, इथे पुष्कळजण फसतात. हलकी, जलद थरथर फक्त तोंडातली हवा बदलते. मध्येच नाकपुड्या मिटतात, घसा जोरात वर दाबला जातो आणि कुशी फुगतात, तो फुप्फुसाचा श्वास. एका मिनिटात दोन्ही वेगवेगळे मोजा. बेडूक काही खाताना दिसला तर डोळे आत जातात का पाहा. बुबुळं टाळूच्या बाजूने खाली दाबून घास घशाकडे ढकलला जातो.

पाण्याचा हा जमाखर्च कुठवर जातो ते ऑस्ट्रेलियातला पाणी साठवणारा बेडूक दाखवतो. जमिनीत पुरून घेतो, मूत्राशयात पाणी भरून ठेवतो, आणि टाकलेल्या कातडीच्या थरांचा कोष अंगाभोवती करून पावसाची वाट बघतो. थंडीच्या टोकाला उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग. त्याच्या शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश पाणी गोठतं, हृदय थांबतं. यकृताने रक्तात सोडलेली भरमसाट साखर पेशींच्या आतलं पाणी गोठू देत नाही. बर्फ पेशींच्या बाहेर होतो. वसंतात तो वितळतो आणि उडी मारून निघून जातो. असा बेडूक कुणी हिवाळ्यात उचलला असता तर मेलेला म्हणून टाकून दिला असता.

पायरी ६: आवाज

पाणवठ्याशी पोहोचताच सगळं चिडीचूप होईल. दहा-पंधरा मिनिटं दिवा बंद करून बसा. पहिला एखादा धीट बेडूक सुरू करतो, मग बाकीचे. एकाच्या आवाजावर लक्ष धरा, मिनिटाला किती हाका ते मोजा, हवेचं आणि पाण्याचं तापमान लिहा. आठ-दहा रात्रींनंतर तापमान आणि वेग एकत्र चढताना दिसतील, कारण स्नायूंचा वेग उष्णतेवर चालतो. गंमत अशी की अमेरिकेतल्या करड्या झाडबेडकांत मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते, हे १९७८ मध्येच दाखवलं गेलं. नाहीतर गार रात्री नर तिला परक्या जातीचे वाटले असते.

बेडूक नसतील तर रातकिडा चालेल. अमोस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्याचा तापमापक करून दाखवला. त्याचं सोपं रूप: आठ सेकंदांतल्या किरकिरी मोजा, पाच मिळवा, अंदाजे सेल्सिअस मिळतं. हे गणित अमेरिकेतल्या, झाडांवर राहणाऱ्या एका जातीच्या रातकिड्याला बेतलेलं आहे. तुमच्या किड्याचं सूत्र तुम्हालाच वहीतून काढावं लागेल, आणि ते काढणं हाच यातला आनंद.

आवाजाची किंमतही टिपा. मध्य अमेरिकेत एक वटवाघूळ तुंगारा बेडकाच्या हाकेवरच त्याला शोधून खातं. डोक्यावरून काही उडालं आणि हाका एकदम थांबल्या, तर ती शांतता वेळ टाकून लिहा.

गोगलगाय, थोडक्यात

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण टोचून बोलायला वापरतात, पण ती शब्दशः खरी आहे. स्वच्छ काच ओली करून वाटेत आडवी ठेवा, गोगलगाय आपणहून चढली की काच अलगद उचलून खालून पाहा. पायाच्या तळव्यावर गडद पट्टे शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतील. ते स्नायूंच्या आकुंचनाचे तरंग. शंखाच्या कडेला, बहुतेक गोगलगायींत उजवीकडे, एक भोक उघडझाप करतं. तो श्वासाचा मार्ग. कोरड्या दिवशी भोक किती वेळ मिटलेलं राहतं ते मोजा. फार कोरडं झालं की ती शंखाच्या दारावर वाळलेल्या चिकाचा पडदा लावून आत बसते. ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली एक इजिप्तची वाळवंटी गोगलगाय मेली असं समजून फळीवर चिकटवली होती. १८५० मध्ये फळीवर डाग दिसला, कोमट पाण्यात घातली, आणि ती चालू लागली.

शेवटची पायरी: अनुकूलन की सवय

महिनाभराने वही घ्या आणि उजवीकडच्या प्रत्येक ओळीला विचारा: हा बदल याच प्राण्याने आज केला, की पिढ्यांनी मिळून? सरडा दुपारी फिका झाला, हा त्याच दिवसाचा बदल. फिकं होता येणं, हे पिढ्यांकडून आलेलं. दोन्ही एका शब्दात घालू नका.

पिढ्यांचं काम चालू असताना पकडलं गेल्याचं माझं आवडतं उदाहरण २०१७ चं. वेस्ट इंडिजमधल्या टर्क्स आणि केकोस बेटांवर कॉलिन डोनिह्यू आणि सहकारी ॲनोलिस सरडे मोजून गेले, आणि पाठोपाठ इर्मा आणि मारिया ही चक्रीवादळं आली. त्यांनी परत जाऊन उरलेले मोजले. वाचलेल्यांच्या बोटांखालच्या गाद्या सरासरीने मोठ्या होत्या, पुढचे पाय लांब, आणि मागच्या मांड्या मात्र आखूड. मांड्या आखूड का, हे कळायला त्यांनी पाला उडवणारं यंत्र आणलं, काठीवर सरडा ठेवला, खाली जाळी धरली आणि वारा सोडला. सरडा पुढच्या पायांनी घट्ट धरून राही. मागचे पाय सुटून शिडासारखे वाऱ्यात फडफडत. लांब मांडी म्हणजे मोठं शीड.

याउलट एक सावधगिरी. पाणी हळूहळू तापवलं तर बेडूक उडी न मारता शिजतो, ही गोष्ट भाषणांत फार चालते. फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी १८६९ मध्ये असे प्रयोग केले होते. जो बेडूक पाण्यात बसून राहिला त्याचा मेंदू आधीच काढलेला होता. धडधाकट बेडूक पाणी २५ अंशांच्या आसपास जाताच बाहेर पडायची धडपड करू लागला. तुमच्या वहीत उजवीकडे ‘म्हणून’ हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे पेन्सिलीने गोल करा, आणि डावीकडे त्याच्या समोर नोंद आहे का पाहा. नसेल तर ती ओळ खोडू नका, तिच्यापुढे तारखेची जागा रिकामी सोडा आणि उद्या सकाळी त्याच दगडाशी जा.